मागच्या दारानं गेलेल्यांची नोंद

आमच्या कॉलेजला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं पूर्ण होतील. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचं सायन्स कॉलेज. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ठरलं की गेटवर दगडी कमान बांधायची, ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे पैसे द्यायचे. परदेशात असलेल्यांकडून थोडी जास्त अपेक्षा, आणि तीही रास्तच. मी पाठवणारच होते. तेवढ्यात एकानं पुतण्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचं लिहिलं. सीईटीला 96 पर्सेंटाइल असूनही कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, राउंडमध्ये हवं ते कॉलेज लागलं नाही. झालं! दोन दिवस कमान बाजूला राहिली आणि आरक्षणावरून रान पेटलं. बावन्न टक्क्यांचे बहात्तर कसे झाले, ईडब्ल्यूएस कुणासाठी, हैदराबाद गॅझेट, कुणबी नोंदी. तीस वर्षांची मैत्री असलेली माणसं एकमेकांना नको ते बोलून गेली.

मी सगळं वाचत होते आणि मला आमच्या वर्गातली एक मुलगी आठवत होती.

ती तांड्यावरून यायची. आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जायचे ते उन्हाळा लागला की परतायचे. तिचा प्रवेश व्हीजेएनटीच्या, म्हणजे विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या, जागेवर झाला होता, म्हणजे ज्या जागेवरून आपण भांडतो ती जागा तिला मिळालेली होती. गणितात ती माझ्या पुढे होती. इंटिग्रेशनची उदाहरणं मी तिच्या वहीवरून शिकले. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी ऑफिसच्या खिडकीत हॉल तिकिटं वाटत होते. आम्ही रांगेत उभ्या. तिचं नाव आलं तेव्हा क्लार्कनं हॉल तिकीट वर उचललं, मागची चिठ्ठी वाचली आणि परत गठ्ठ्यात सरकवलं. ‘जीओआय आलेली नाही, अकराशे पन्नास भरा, मग घेऊन जा.’ जीओआय म्हणजे भारत सरकारची शिष्यवृत्ती. ती दोन-दोन वर्षं यायची नाही, आणि त्यात मुलांचा काडीचा दोष नसायचा. तिनं वाद घातला नाही. ‘बरं’ म्हणाली, रांगेतून बाहेर झाली आणि पायऱ्यांवर जाऊन बसली. माझ्याजवळ तेव्हा पन्नासची एक नोट होती. ती परीक्षेला बसली नाही. पुढच्या वर्षी हजेरीपटात तिचं नाव नव्हतं. कुणी विचारलंही नाही, मीसुद्धा नाही.

तिचा प्रवेश राज्याच्या आकडेवारीत मोजला गेला असणार. तिचं जाणं मात्र कुठेच मोजलं गेलं नाही.

मी गेली वीस वर्षं अटलांटात राहते. इथे शहराच्या मधोमध जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटी आहे. तिला भिंत नाही की हिरवळीचं आवार नाही. ऑफिसांच्या आणि पार्किंगच्या इमारतींमध्ये तिच्या इमारती मिसळून गेल्यात. सकाळच्या मार्टा ट्रेनमध्ये कॉफीच्या दुकानाचा एप्रन घातलेली मुलं पुस्तक उघडून बसलेली असतात, ती बहुतेक तिथलीच. 1913 साली नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग म्हणून ही संस्था सुरू झाली. वर्णभेदाच्या काळात प्रवेशासाठी माजी विद्यार्थ्यांच्या सह्या आणाव्या लागत. माजी विद्यार्थी सगळे गोरे, त्यामुळे काळ्या मुलामुलींना सह्या कोण देणार? काही काळ्या स्त्रिया कोर्टात गेल्या, 1959 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, तरी पहिल्या काळ्या विद्यार्थिनीला आत पाऊल टाकायला 1962 साल उजाडलं.

आज तिथे काळ्या विद्यार्थ्यांचा गट सगळ्यात मोठा आहे, आणि पदवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना पेल ग्रँट, म्हणजे गरीब घरातल्यांना मिळणारी केंद्र सरकारची मदत, मिळते. पण दार उघडल्यावर चाळीस वर्षांनीसुद्धा, 2003 मध्ये, तिथे प्रवेश घेतलेल्यांपैकी सहा वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडणारे होते फक्त 32 टक्के. काळ्या मुलामुलींमध्ये 29, लॅटिनोंमध्ये 22, आणि काळ्या मुलग्यांमध्ये तर 18. शंभर मुलगे आत, अठरा बाहेर. विविधता बघायची तर वर्गात होती, पदवीदानाच्या मंचावर नव्हती.

हे आकडे माझ्यासारख्या बाहेरच्या बाईला माहीत आहेत, कारण ते लपवता येत नाहीत. 1990 च्या एका कायद्यानं अमेरिकेतल्या कॉलेजांना पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जाहीर करावं लागतं. स्त्री-पुरुष, वंश आणि पेल ग्रँटवाले असे वेगळे काढलेले आकडे जाहीर करणं नंतर त्यात आलं. आकडा समोर आला की लाज वाटते, आणि लाज वाटली की कुणीतरी कामाला लागतं. जॉर्जिया स्टेटनं मुलांच्या जुन्या नोंदी चाळल्या आणि मूल घसरायला लागल्याच्या खुणा, सुमारे आठशे, शोधून काढल्या. 2012 पासून त्या रोज तपासल्या जातात. चुकीचा विषय निवडला, मुख्य विषयाच्या पहिल्याच पेपरात कसाबसा पास झाला, की मार्गदर्शकाचा फोन जातो. त्यासाठी 42 नवे मार्गदर्शक नेमले. फोन करायला माणूसच नसेल तर नुसत्या संगणकानं काय होणार?

मला सगळ्यात जास्त भिडलं ते मात्र याहून साधं आहे. त्यांच्या लक्षात आलं की दर सत्रात शेकडो मुलांची नावं फी अपुरी राहिली म्हणून वर्गातून कमी होतात, आणि ती रक्कम बऱ्याचदा अगदी किरकोळ असते. मूल पास होतंय, वर्षभरात पदवी मिळेल, आणि अडलंय काहीशे डॉलरवर. म्हणून 2011 पासून विद्यापीठ स्वतःच अशी मुलं शोधतं आणि परस्पर पैसे भरून टाकतं. अर्ज करायची गरज नाही. सरासरी रक्कम नऊशे डॉलरच्या आसपास.

माझ्या ऑफिसात रिसेप्शनवर दुपारी बसणारी मुलगी तिथे शेवटच्या वर्षाला होती. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन माझ्यापुढे धरला. ‘हे खरं असेल का, की कुणीतरी फसवतंय?’ मेल विद्यापीठाची होती. तुझी 640 डॉलरची बाकी आम्ही भरली आहे, पैशांच्या नियोजनाबद्दल सल्लागाराला एकदा भेटून जा. मी दोनदा वाचली. खरी आहे म्हटल्यावर तिनं डबा बंद केला आणि आईला फोन लावायला जिन्याकडे गेली. मला त्या क्षणी खिडकीतला तो क्लार्क दिसला. तो वाईट माणूस नव्हता, त्याच्या हातात देण्यासारखं काही नव्हतं एवढंच.

आता तिथे एकूण प्रमाण निम्म्याच्या वर गेलंय, आणि काळी, लॅटिनो, गरीब मुलं गोऱ्यांच्या बरोबरीनं पदवी घेतात. कुणाचे गुण वाढवले नाहीत, अभ्यासक्रम सोपा केला नाही. वाटेतले खड्डे बुजवले.

याचा अर्थ अमेरिकेनं सगळं सोडवलंय असा नाही, आणि तसं सांगणाऱ्यांवर मी विश्वासही ठेवत नाही. चार वर्षांच्या पदवीचं प्रमाण हे लोक सहा वर्षं धरून मोजतात, तरी देशाचा आकडा 64 टक्क्यांच्या आसपासच राहतो. विद्यार्थ्यांवरचं केंद्र सरकारचं कर्ज दीड लाख कोटी डॉलरच्या वर आहे, आणि पदवीविना बाहेर पडलेल्याच्या डोक्यावरही ते बसतंच. संगणकाच्या खुणांचाही मला धाक वाटतो. गरीब मुलाला ‘हा विषय तुला झेपणार नाही’ हे यंत्राच्या तोंडून ऐकवणं फार सोपं आहे. ती खूण बघून मुलाला शिकवणी द्यायची की सोप्या विषयाकडे वळवायचं, हे शेवटी मार्गदर्शकाच्या मनावर आहे.

आणि दारातलं भांडण इथेही आहेच. 29 जून 2023 ला सुप्रीम कोर्टानं प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी आणली. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या पहिल्या वर्षात काळ्या मुलांचं प्रमाण आधीच्या सुमारे 13 टक्क्यांवरून 5 वर आलं, अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात 11 वरून 3 वर. आमच्या गणपतीत मोदकांच्या ताटाशी उभं राहून काही पालकांनी या निकालाचं समाधान बोलून दाखवलं, कारण एमआयटीत आशियाई मुलं 40 वरून 47 टक्क्यांवर गेली होती. ‘आता गुणवत्तेला न्याय मिळाला,’ हे वाक्य मी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवरही जसंच्या तसं वाचलेलं आहे. मला ते इथेही पटलं नाही. आम्ही इथे आलो तेव्हा प्रत्येकाच्या मागे सरकारी खर्चानं चालणारं एखादं कॉलेज उभं होतं. ते विसरून दुसऱ्याच्या पोराची जागा मोजणं मला जमत नाही.

ग्रुपवर मी शेवटी लिहिलं की आरक्षण हवं, या बाजूची मी आहे, आणि माझी तक्रार वेगळी आहे. आपण दारात कोण शिरलं यावरच थांबतो.

उच्च शिक्षणात किती मुलं दाखल झाली हे केंद्राचा पाहणी अहवाल सांगतो. 2021-22 मध्ये देशात हे प्रमाण 28.4 टक्के होतं, नव्या शैक्षणिक धोरणाला 2035 पर्यंत ते 50 वर न्यायचंय. ठीक. पण त्यातले तिसऱ्या वर्षाच्या निकालापर्यंत किती पोचले? एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं आपल्या संकेतस्थळावर माहितीचे तक्ते टाकतात. त्यात इतक्या जागा, इतके प्रवेश, ठरलेल्या मुदतीत इतके उत्तीर्ण असा रकाना खरोखर आहे. सामाजिकदृष्ट्या मागास किती, आर्थिकदृष्ट्या मागास किती, हेही शेजारच्या तक्त्यात आहे. फक्त हे दोन तक्ते एकमेकांना कधी भेटत नाहीत. मागास म्हणून आत आलेल्यांपैकी मुदतीत उत्तीर्ण किती, हे त्यातून कळत नाही. डिसेंबर 2023 मध्ये संसदेत प्रश्न विचारला गेला तेव्हा समजलं की केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम मिळून पाच वर्षांत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींच्या 13 हजारांहून अधिक मुलांनी शिक्षण सोडलं. काही जण दुसरीकडे गेले, असं सरकारनं सांगितलं. गेले असतील. कोण कुठे गेलं याची यादी कुणाकडे आहे? आणि हे देशातल्या नामांकित संस्थांचं. तालुक्याच्या कॉलेजबद्दल संसदेत कोण विचारणार?

शाळेतल्या गळतीवर आपल्याकडे परिसंवाद होतात. कॉलेजातल्या गळतीला आपण ‘केटी राहिली’, ‘वर्ष डाऊन गेलं’, ‘लग्न झालं’ अशी नावं देतो आणि पुढे जातो.

2024 मध्ये राज्यानं आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली, याचा मला मनापासून आनंद झाला. पण मुलगी शहरात राहणार तर खोलीभाडं आहे, मेस आहे, एसटीचा पास आहे, आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरच्या अर्जात एक कागद चुकला की महिनोन् महिने थांबणं आहे. नव्या धोरणात एका वर्षानं बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी डिप्लोमा अशी सोय केली आहे. ज्याला स्वतःहून बाहेर पडायचंय त्याला ती उपयोगी पडेल. पण पैसे नाहीत म्हणून बाहेर ढकललेल्या पोरीच्या हातातही उद्या तेच प्रमाणपत्र असेल, आणि तिची गळती कागदावर यश म्हणून लागेल. याची मला फार भीती वाटते.

हे सगळं आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नव्हती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1902 मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासांसाठी राखल्या, पण त्याच्या आधी, 1901 मध्येच, वसतिगृह काढायला सुरुवात केली होती. नोकरी राखली तरी त्याआधी शिकायला आलेलं पोर राहणार कुठे आणि खाणार काय, हा प्रश्न त्यांना आधी पडला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात तेच केलं, शिवाय पोराला कमवायला आणि शिकायला एकत्र बसवलं. आणि बाबासाहेब! बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून त्यांना परतावं लागलं. विद्यापीठानं परत यायची मुभा ठेवली, त्यांनी नोकरी करून, उसने घेऊन पैसे उभे केले आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. बाबासाहेबांना जमलं म्हणून सगळ्यांना जमेल, असं धरून कॉलेज चालवता येत नाही.

तर कमानीबद्दल. मी ग्रुपवर सुचवलं की कमान थोडी लहान करू आणि उरलेल्या पैशांतून ऑफिसात एक फंड ठेवू. कुणाचंही हॉल तिकीट पैशांसाठी अडलं तर दोन प्राध्यापकांच्या सहीनं त्याच दिवशी रक्कम भरायची. मुलानं अर्ज करायचा नाही, कुणापुढे उभं राहायचं नाही. शिष्यवृत्ती आली की ती परत फंडात. दुसरं, दरवर्षी नोटीस बोर्डावर लावायचं: तीन वर्षांपूर्वी किती आले, यंदा किती पदवी घेऊन गेले, मुली किती, मुलं किती, कुठल्या प्रवर्गातले किती.

दोघांनी अंगठा दाखवला, एक जण रागावला, बाकी गप्प. रात्री पुतण्याच्या प्रवेशावरून भांडणाऱ्या त्याच मित्राचा फोन आला. म्हणाला, ‘अगं, आपल्या वर्गात ती तांड्यावरची होती बघ, गणितवाली. तिचं पुढे काय झालं?’

मला माहीत नव्हतं. त्यालाही नाही. मग आम्ही पहिल्या वर्षाचा हजेरीपट आठवायला बसलो, रोल नंबर एकपासून. तिसऱ्या वर्षी वर्गात नसलेली अकरा नावं आतापर्यंत सापडली आहेत. सहाजणांची तर आडनावंही आठवत नाहीत. गावात राहणारे दोघे पुढच्या आठवड्यात कॉलेजचं जुनं रजिस्टर बघायला जाणार आहेत.