कबुतरे यंत्राने जात नाहीत

कबुतरांच्या त्रासावर एक स्वस्त उपाय सध्या सगळीकडे सांगितला जातो: गच्चीवर अल्ट्रासोनिक यंत्र आणि घुबडाचा पुतळा बसवा, थोड्या अंतरावर दाण्याची सोय करा म्हणजे कबुतरे तिकडे जातील, वाळलेली विष्ठा झाडून टाका आणि जाळीच्या भानगडीत पडू नका, कारण तिच्यात पक्षी अडकून मरतात. व्यापारी संकुलांच्या देखभालीचे काम करताना या सल्ल्याचे परिणाम मी पाहिले आहेत, म्हणून त्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

अल्ट्रासोनिक म्हणजे २० किलोहर्ट्झच्या वरचा, माणसालाही ऐकू न येणारा आवाज. कबुतराची श्रवणशक्ती त्याच्या पुष्कळ खालीच संपते, त्यामुळे ज्याला पळवायचे त्यालाच ते यंत्र ऐकू जात नाही. पुतळ्याचा धाकही, तो हलत नाही हे पक्ष्यांच्या लक्षात येईपर्यंतच टिकतो.

दाण्याचा मुद्दा अधिक घातक आहे. कबूतर मुळात कड्याकपारीत राहणारा पक्षी असल्याने तो चरतो एकीकडे आणि मुक्कामाला येतो छज्जावर. जवळ दाणे टाकल्याने इमारत सुटत नाही, उलट वीण वाढते. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते, सुमारे १८ दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि अन्न मुबलक असेल तर हे चक्र वर्षभर चालू राहते. स्वित्झर्लंडमधील बासेल शहरात वर्षानुवर्षे कबुतरे मारूनही संख्या घटली नव्हती. १९८८ पासून लोकांना दाणे न टाकण्याविषयी समजावण्याची मोहीम राबवली गेली, जोडीला देखरेखीखालच्या खुराड्यांतून अंडी काढली गेली, आणि सुमारे चार वर्षांत संख्या निम्म्यावर आली. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून झालेला वाद भावनेचा होता हे मी जाणतो, आणि दाणे टाकणाऱ्यांच्या भूतदयेविषयी मला शंका नाही. परंतु अन्न आणि संख्या यांचे नाते त्यामुळे बदलत नाही.

जाळीत पक्षी मरतात हे मात्र खरे आहे, पण ते ढिल्या, फाटक्या जाळीत. कबुतरांसाठी ५० मिलिमीटर छिद्रांची जाळी चारही बाजूंनी ताणलेल्या तारेला घट्ट बांधली, तर पक्षी तिच्यावर आपटून परततो, गुंतत नाही. त्याहून मोठी चूक मी एका डक्टमध्ये पाहिली: एसीच्या आउटडोअर युनिटमागे चार काटक्या आणि केबलच्या तुकड्यांवर दोन पिवळसर लवेची पिल्ले होती, आणि कामगार त्यांच्यासकट जागा बंद करू लागले होते. ते काम आम्ही पिल्ले उडेपर्यंत, म्हणजे सुमारे महिनाभर, थांबवले. जाळी लावण्यापूर्वी प्रत्येक कोनाडा विजेरीने पाहिलाच पाहिजे. अरुंद छज्जांवर जाळीऐवजी ४५ अंशांहून अधिक उताराची पट्टी बसवली तरी पक्ष्याला बूड टेकता येत नाही.

वाळलेली विष्ठा झाडणे तर सरळ धोक्याचे आहे. तिची धूळ श्वासातून वारंवार गेल्यास अतिसंवेदनशीलतेमुळे फुप्फुसांचा दाह होऊ शकतो, आणि तो लांबला तर फुप्फुसांवर कायमचे व्रण राहतात. शिवाय क्रिप्टोकोकससारखी बुरशी तिच्यात वाढते. म्हणून आधी पाणी आणि जंतुनाशक फवारून थर पूर्ण भिजवावा, कामगाराला एन-९५ मास्क आणि हातमोजे द्यावेत, खरवडलेला माल पिशवीत बंद करावा, आणि हे सर्व चालू असताना जवळची ताजी हवा आत घेणारी एसीची झडप बंद ठेवावी.