खुलासा: मरीना सिटीत उपाहारगृहं मागाहून ‘घुसवलेली’ नाहीत

शिकागोच्या मरीना सिटीचे, म्हणजे मक्याच्या कणसांसारख्या त्या जुळ्या मनोऱ्यांचे फोटो सध्या फिरताहेत. सोबतचा मजकूर असा: ‘मूळची निव्वळ राहती इमारत, नंतर हव्यासापोटी तळाशी उपाहारगृहं आणली, गाळे खपले नाहीत म्हणून खालच्या मजल्यांवर पार्किंग केलं.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

वास्तुकार बर्ट्रंड गोल्डबर्ग यांनी १९६०च्या दशकात हा प्रकल्प उभारला तोच ‘शहरातलं शहर’ म्हणून. उपाहारगृह, दुकानं, नाट्यगृह, बोलिंग, नदीकाठी बोटींचा धक्का, बर्फावर घसरायचं मैदानसुद्धा मूळ योजनेतच होतं. खालचे १९ मजले गाड्यांना, घरं त्यांच्यावर, हेही पहिल्यापासून. लोक उपनगरांकडे पळत होते, त्यांना शहराच्या मध्यात धरून ठेवायचं होतं. आणि यामागे उभी होती ती इमारतींची झाडलोट-देखभाल करणाऱ्या कामगारांची संघटना!

बदल झाले, हे खरं. बर्फाच्या मैदानाच्या जागी स्टेकहाउस, म्हणजे भाजलेल्या मांसाचं उपाहारगृह आलं, नाट्यगृहाच्या जागी हाउस ऑफ ब्लूज हे संगीताच्या मैफलींचं ठिकाण. गिरगावात चाळीखालचं वाण्याचं दुकान जाऊन केक शॉप येतं, तसंच ते. माझी तक्रार वेगळी आहे: तिथे तळाशी पायी चालणाऱ्यापेक्षा गाडीचाच मान जास्त.