उरलेले ४६५ जीबी आणि मध्ये बसलेलं रिकव्हरी पार्टिशन

नमस्कार,

डिस्क बदलण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ५०० जीबीची हार्ड डिस्क १ टीबीच्या एसएसडीवर क्लोन केली (म्हणजे जशीच्या तशी उतरवली) की उरलेली जागा सी ड्राइव्हला जोडणं दोन मिनिटांचं काम आहे. डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडमध्ये ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’ (म्हणजे संरक्षित असलं तरी पुसा) देऊन मधलं रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोज बिघडल्यास दुरुस्तीची व्यवस्था ठेवलेला डिस्कचा भाग, उडवायचं, सी वाढवायचा, झालं. मी मात्र लोकांना घाबरवलं, आणि वर त्या जागेचा डी ड्राइव्ह करायचा सल्ला दिला.

डी ड्राइव्हबद्दल तुमचं बरोबर आहे. सी भरला म्हणून ज्यांनी मोठी डिस्क घेतली, त्यांना डी देऊन काय उपयोग? शिवाय माझ्या त्या वाक्यावरून डीमधले फोटो जास्त सुरक्षित राहतात असं वाटत होतं. डिस्क एकच आहे. ती गेली की सी आणि डी दोन्ही जातात. एसएसडीसाठी दहा टक्के जागा अनअलोकेटेड, म्हणजे कुठल्याच ड्राइव्हला न देता, ठेवा, हेही मी नको तेवढं ठासून सांगितलं. ट्रिम (कुठली जागा मोकळी झाली हे विंडोजने एसएसडीला कळवणं) चालू असेल तर सीमधली मोकळी जागाही तेच काम करते.

पण रिकव्हरी पार्टिशन ‘उडवायचं’, हे मला मान्य नाही. तीन वर्षांपूर्वी बहिणीच्या लॅपटॉपवर मी नेमकं तुमचं दोन मिनिटांचं काम केलं होतं. सात-आठ महिन्यांनी विंडोज सुरूच होईना. दुरुस्तीची निळी स्क्रीन येणार कुठून, ती ज्या पार्टिशनमध्ये होती तेच मी पुसलेलं! ती नागपूरला, मी पुण्यात, घरात दुसरा कॉम्प्युटर नाही. शेजाऱ्यांकडे जाऊन इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवेपर्यंत तिचे दोन दिवस गेले, आणि ते दिवस प्रबंध जमा करायचे होते.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वाढवायचा ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय करडा दिसतो, कारण सीला लगेच उजवीकडची जागाच जोडता येते आणि तिथे हे पार्टिशन बसलेलं असतं. ते हलवायला हवं हे खरं, पण आधी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘रीएजंटसी /इन्फो’ (reagentc /info) चालवा. दुरुस्तीची व्यवस्था कोणत्या पार्टिशनमध्ये आहे ते कळतं. मग ‘रीएजंटसी /डिसेबल’ (reagentc /disable). या एका कमांडने दुरुस्तीची विनआरई (winre.wim) नावाची फाइल सी ड्राइव्हवरच्या सिस्टिम३२ मधल्या रिकव्हरी फोल्डरमध्ये परत येते. ती तिथे आली हे बघूनच पार्टिशन काढा. सी वाढवताना शेवटी १ जीबी सोडा, तिथे नवं रिकव्हरी पार्टिशन करा आणि ‘रीएजंटसी /एनेबल’ (reagentc /enable) द्या. सीवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू नसेल, तर नवं पार्टिशन केलं नाही तरी /एनेबल दिल्यावर ती व्यवस्था सीवरच बसते, तेही चालतं. १ जीबी एवढ्यासाठी की जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक अपडेट, रिकव्हरी पार्टिशन लहान असल्यामुळे, अनेकांकडे अडलं होतं आणि २५० एमबी जागा वाढवून द्यावी लागली होती.

काही लॅपटॉपवर याशिवाय दहा-पंधरा जीबीचं कंपनीचं पार्टिशन असतं. मूळ विंडोज परत टाकायची सोय त्यात असते. रीएजंटसी ते वाचवत नाही, त्यामुळे आकार बघूनच हात लावा.

सगळ्यात जास्त भीती मला ‘ओव्हरराइड’ची वाटते. क्लोननंतर जुनी डिस्क यूएसबीला लावलेलीच असते. दोन्हींची पार्टिशनं हुबेहूब, फरक फक्त एकूण आकारात: ४६५ आणि ९३१. ‘सिलेक्ट डिस्क’मध्ये शून्याच्या जागी एक पडला, तर तुम्ही परत जायची एकमेव वाटच पुसता. म्हणून जुनी डिस्क काढा, कपाटात ठेवा, महिनाभर तिला हात लावू नका. उरलेली जागा कुठे पळून जात नाही. बिटलॉकर चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या.

डी ड्राइव्हचा परिच्छेद आज रात्री बदलतो. तुम्हीही तुमच्या लॅपटॉपवर ‘रीएजंटसी /इन्फो’ चालवून पाहा. ‘डिसेबल्ड’ दिसलं तर इथेच कळवा, फाइल परत कशी आणायची ते सविस्तर लिहितो.