खुब्याच्या एक्स-रेतले ०.३ मिमी: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: आईच्या खुब्यातली फट गेल्या वर्षी ३.२ मिमी होती, यंदा २.९ आहे, रिपोर्टात ग्रेड दोनची तीन झाली, आणि तरी माझ्या लेखात ‘एवढा फरक मोजण्यातलाही असू शकतो’ असं लिहून मी रुग्णांना गाफील ठेवतो. शिवाय एमआरआय असताना एक्स-रेवर पट्टी कशाला लावायची?

आधी ग्रेडचं बघू, ते लवकर संपतं. केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ची ही पद्धत म्हणजे सांध्याच्या झिजेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या. दोनमध्ये फट ‘कदाचित’ कमी, तीनमध्ये ‘नक्की’ कमी. या दोन शब्दांमध्ये दोन रेडिओलॉजिस्टांचं सहज दुमत होतं. वर्षभराची वाढ मोजायला ही पट्टी फार जाड आहे.

आता मिलिमीटर. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, दिसते ती मांडीच्या हाडाचा गोल आणि वाटी यांच्यामधली फट. आणि तीही सावली. किरण सोडणारी ट्यूब कॅसेटपासून (फिल्म असते ती पाटी) १०० सेमीवर आणि सांधा कॅसेटपासून ९ सेमीवर असेल तर सावली सुमारे १० टक्के मोठी पडते. सांधा १७ सेमीवर असेल तर २० टक्के. टेबल बदललं, वजन वाढलं की हे अंतर बदलतं. तुमचेच आकडे घ्या: ३.२ भागिले १.२ म्हणजे २.६७, आणि २.९ भागिले १.१ म्हणजे २.६४. फरक उरला ०.०३! असंच झालं असेल असा दावा नाही. पण दोन्ही फिल्मवर मोजमापाचा गोळा (सावली किती मोठी पडली ते कळायला शेजारी ठेवतात तो, माहीत मापाचा) नाही असं तुम्हीच लिहिता, तेव्हा झालं नसेल असंही ठामपणे म्हणता येत नाही. (व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवर तर मोजूच नका, त्याला स्केलच नसते.)

फ्रान्समध्ये डायसेरिन या सांधेझिजीवरच्या औषधाची खुब्यासाठी तीन वर्षांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००१मध्ये आले. तिथे ठरवून, एकाच पद्धतीने काढलेल्या फिल्म्स होत्या, तरी ‘झीज वाढली’ म्हणायला निदान ०.५ मिमीची घट लागे.

यावर उपाय आहे. २५ मिमीचा धातूचा गोळा मोठ्या ट्रोकॅन्टरच्या (मांडीच्या हाडाचा बाहेरच्या बाजूचा उंचवटा) पातळीवर, म्हणजे सांध्याइतक्याच उंचीवर ठेवून फिल्म काढायची. टेबलावर टेकवून ठेवला तर गोळाच चुकीचा आकडा देतो. जुन्या फिल्मवर गोळा नसेल तर मांडीच्या गोलाचा व्यास मोजा आणि फटीला त्याने भागा. गोल चपटा झाला नसेल तोवर हे गुणोत्तर दोन्ही फिल्म्समध्ये ताडून बघता येतं. पाय १५ अंश आत वळवलेले हवेत: अंगठे जवळ, टाचा दूर. अडचण अशी की खुबा झिजला की आत वळणंच आधी जातं. म्हणून पहिल्या वेळी पाय जेवढे वळले तेवढेच पुढच्या वेळीही ठेवा, ओढून पंधरा करू नका. उभं राहून काढली की झोपून, हेही दोन्ही वेळा एकच. कटी तिरकी नाही ना, हे पुढच्या हाडातली दोन्ही छिद्रं सारखी दिसतात का त्यावरून कळतं. फट सगळ्यात अरुंद असेल तिथे मोजायची आणि ती जागा वर-बाहेर की आत, हे लिहून ठेवायचं. शेवटी दोन्ही फिल्म्स एकाच माणसाने शेजारी-शेजारी लावून मोजायच्या.

एमआरआयबद्दल तुम्ही निम्मे बरोबर आहात. वय कमी, स्टेरॉइड किंवा दारूचा इतिहास, जांघेत दुखतं आणि फट मात्र शाबूत, असं असेल तर रक्तपुरवठा तुटून गोल मरत असण्याची शंका घ्यावी, आणि ते सुरुवातीला एमआरआयवरच दिसतं. पण माहीत असलेली झीज दरवर्षी बघायला एमआरआय लागत नाही. सांधा बदलायचा की नाही, हे वेदना आणि चालणं यांवर ठरतं, हा तुमचा मुद्दा तर मान्यच आहे.

एका ठिकाणी मात्र माझ्या मूळ लेखात उणीव राहिली. वर्षभरात २ मिमीहून जास्त किंवा निम्मी फट गेली तर ती झपाट्याची झीज. तिथे मोजमापाच्या चुकांचा विचार करत बसू नये, ताबडतोब दाखवावं. हे वाक्य लेखात घालतो.