मामा, पॅनेलमुळे पाऊस पळत नाही

परवा रात्री साडेअकराला मामाचा फोन आला. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातलं गाव, मागे मोटारीची घरघर. "अगं, सबस्टेशनजवळ सोलर बसवणार म्हणतेत. आम्ही ग्रामसभेत विरोध केलाय. पॅनेल बसली की पाऊस पळतंय म्हणं!" हे तो सांगत होता ते शेतात उभा राहून, हातात बॅटरी घेऊन. या आठवड्यात थ्री फेज लाइट रात्रीची, म्हणून पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलेला. जी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याला दिवसा लाइट देणार, तिलाच तो रात्री चिखलात उभा राहून नको म्हणत होता.

ज्यातून हे आलं तो मूळ मेसेज आमच्या भावकीच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेलाय. त्यात म्हटलंय: पॅनेलच्या उष्णतेने ढग पांगतात, पॅनेल बनवताना कोळशापेक्षा जास्त धूर होतो, जिल्ह्यातच एनटीपीसीचं कोळशावरचं वीज केंद्र असताना सोलर कशाला, ढगाळ दिवशी मोटारी बंद पडणार, आणि शेवटी जमिनी जाणार.

पावसाचं आधी. पूर्वी हाच आळ पवनचक्क्यांवर होता, आता तो पॅनेलवर आलाय. मोसमी वारे सह्याद्री चढताना पाणी तिकडेच टाकून येतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आपल्याकडे सरासरी साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे आपल्या वाट्याला दहावा हिस्सा, आणि तो काही आजचा नाही. बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या माळावर पॅनेल होतं? आणि आपला खरा पाऊस उत्तरा-हस्त नक्षत्रांचा, ज्याच्या ओलीवर मालदांडी ज्वारी पेरतात. तो बंगालच्या उपसागराकडून येतो. शेकडो किलोमीटर चालून आलेला ढग सबस्टेशनमागची दहा-वीस एकर काच बघून परत फिरतो, हे पटतं का कुणाला? पॅनेलच्या मधोमध रात्री हवा तीन-चार अंश गरम राहते, असं अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात मोजलेलं आहे, तेवढं मान्य. पण ती ऊब तिथल्या तिथली, ढगांपर्यंत जाणारी नव्हे.

धुराचं म्हणाल तर मोजमाप झालेलं आहे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०१४ च्या अहवालात खाणीपासून भंगारापर्यंतचा सगळा हिशेब एकत्र मांडलाय. कोळशाच्या एका युनिटमागे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, मोठ्या सौर प्रकल्पाच्या युनिटमागे ४८. यात पॅनेल बनवतानाचा धूर आलाच. सतरा पट फरक आहे, तोही मेसेजवाल्याच्या उलट बाजूने.

एनटीपीसीचा मुद्दा वाचून तर हसू आलं. फताटेवाडी-आहेरवाडीचे ६६०-६६० मेगावॉटचे दोन संच मलाही दिसतात. पण कोळसा काही बार्शीत पिकत नाही, तो रेल्वेने बाहेरून येतो. पाणी उजनीचं. आणि त्याच मेसेजच्या शेवटी घोषणा काय? "उजनीचं पाणी शेतकऱ्याच्या हक्काचं!" मग पाणी न उकळता वीज देणारं यंत्र नको कसं?

ढगाळ दिवसाचं दोन ओळीत. या योजनेत तुमच्या मोटारीवर पॅनेल बसत नाही, सबस्टेशनला वीज येते. ते सबस्टेशन ग्रिडला जोडलेलंच राहतं. ऊन कमी पडलं तर बाकीची वीज नेहमीच्या वाटेने येणार.

पैशांबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, मीच सांगते. साडेसात एचपीपर्यंतचं पंपाचं बिल मार्च २०२९ पर्यंत माफ आहे, पण कुणीतरी ते भरतंच. काही सरकारी तिजोरी भरते. शेतीचा दर कमी ठेवायचा म्हणून काही भार कारखान्यांच्या आणि दुकानांच्या दरात आधीपासूनच घातलेला असतो. दर ठरवतो वीज नियामक आयोग, आणि त्या दरावर बोटं मोडतात आमचे शहरातले यंत्रमागवाले. या योजनेतली सौर वीज तीन रुपयांच्या आसपास युनिट पडते. ती जेवढी वाढेल तेवढा हा भार हलका व्हायला जागा आहे.

जमिनीच्या मुद्द्यावर मात्र मेसेजवाल्याला चार आणे द्यावे लागतात. खाजगी जमीन भाड्याने घेतात, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, सातबारा तुमच्याच नावावर. पण सरकारी जमीन म्हणून गायरान दिलं तर मेंढरं कुठे चरायची, हा प्रश्न खरा आहे. ग्रामसभेत भांडायचं तर यावर भांडा. कुठला गट, किती एकर, चराईला किती उरणार, हे लिहून मागा. ढगांवर कसलं भांडताय?

हे सगळं मामाला फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "थांब, पाणी फुटलंय," आणि फोन ठेवला. सकाळी त्याचाच मेसेज आला: "पुढच्या सभेला तूच ये की." येते म्हटलंय. तोवर तलाठ्याकडून गट नंबर काढून ठेव.