फाइव्ह स्टार, ड्राफ्ट आणि तुमची कमेंट: जरा सविस्तर उत्तर

एवढी मोठी आणि तिखट कमेंट वेळ काढून लिहिलीत, त्याबद्दल आधी थँक्स. बाकीच्यांनी ती वाचली नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की अमेरिकन फुटबॉलमध्ये हायस्कूलमधल्या पोरांना रिक्रूटिंग वेबसाइट्सकडून मिळणारे स्टार (जास्तीत जास्त पाच) आणि पुढे एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रोफेशनल लीगच्या टीम्स कॉलेजमधले खेळाडू निवडतात त्यात, निवड होणं यांचा चांगलाच संबंध आहे. तुमचं म्हणणं, हे सगळं वेबसाइटवाल्यांचं मार्केटिंग आहे, जेजे वॉट टू स्टार होता, अ‍ॅरन डोनाल्ड आणि महोम्स थ्री स्टार, जॉश अ‍ॅलनला तर कोणी विचारतही नव्हतं, आणि तरी हे सगळे एनएफएलमध्ये गाजले, आणि असलं लिहून मी तुमच्या भाच्यासारख्या पोरांचा हिरमोड करतो.

नावं सगळी बरोबर आहेत. पण शितावरून भाताची परीक्षा करायची तर शित भाताच्या मधून घ्यावं लागतं, आणि तुम्ही फक्त वर तरंगलेली चार उचललीत. दरवर्षी फाइव्ह स्टार मिळतात जेमतेम तीसेक पोरांना (२४७स्पोर्ट्स ही रिक्रूटिंग वेबसाइट तर ड्राफ्टच्या पहिल्या राऊंडच्या ३२ जागा डोळ्यासमोर ठेवून तो आकडा ठरवतं), फोर स्टार असतात तीन-चारशे आणि थ्री स्टार हजाराच्या वर. आता ढोबळ हिशोब करा. फाइव्ह स्टारवाल्यांपैकी साधारण निम्मे ड्राफ्ट होतात, म्हणजे पंधरा-सोळा, आणि थ्री स्टारवाल्यांपैकी शंभरात पाच-सहाच धरले तरी ती संख्या साठ-सत्तरच्या पुढे जाते, मग साहजिकच टीव्हीवर ड्राफ्ट बघताना ‘हा पण थ्री स्टार, तो पण थ्री स्टार’ असंच दिसणार ना! पण एका पोराच्या बाजूने बघितलं तर एकीकडे दोनातला एक चान्स आहे आणि दुसरीकडे विसातला एक. माझा मुद्दा एवढाच होता आणि तो अजूनही आहे.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र खरंच वजनदार आहे. अलाबामा किंवा जॉर्जियासारख्या बड्या युनिव्हर्सिटीने ऑफर दिली की पोराचे स्टार वाढतात, मग तिथले कोच, तिथली जिम, टीव्हीवरच्या मॅचेस, सगळंच त्याला मिळतं, तर ड्राफ्ट झाला तो गुणवत्तेमुळे की कॉलेजमुळे? दोन्ही गोष्टी एकमेकांत गुंतल्यात आणि पूर्ण सोडवता येत नाहीत. पण ऑफर देणारा कोचही पोरगं बघूनच ऑफर देतो, त्याची नोकरी त्यावर असते, त्यामुळे स्टारमध्ये कोचचं मत मिसळलं म्हणून तो खोटा ठरतो असं मला अजिबात वाटत नाही.

आणि ड्राफ्ट होणं वेगळं, एनएफएलमध्ये गाजणं वेगळं, हे दोन्ही कमेंटमध्ये एकत्र झालंय. ह्यूस्टन टेक्सन्स या एनएफएल टीमचंच बघा. जॅडेव्हिऑन क्लाउनी २०११ चा देशातला नंबर एक रिक्रूट (कॉलेजांना हवा असलेला हायस्कूल खेळाडू), २०१४ च्या ड्राफ्टमध्ये पहिला पिक, म्हणजे पहिली निवड. त्याच लाइनवर, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीत, त्याच्यासोबत जेजे वॉट, जो सेंट्रल मिशिगन युनिव्हर्सिटीत टाइट एंड (आक्रमणातली एक पोझिशन) म्हणून गेला, तिथून सोडून विस्कॉन्सिनला स्कॉलरशिप नसताना वॉक-ऑन म्हणून आला, मधल्या काळात पिझ्झा डिलिव्हरी करत होता, आणि २०११ ला अकरावा पिक झाला. क्लाउनी तीनदा प्रो बोल या ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला, म्हणजे करिअर उत्तमच, पण वॉट तीनदा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम बचावपटू. सतरा वर्षांच्या पोराचं शरीर पुढे किती भरेल हे कोणी सांगू शकत नाही, लाइनमनच्या बाबतीत तर नाहीच नाही. ड्राफ्टपर्यंत स्काउट्सच्या (खेळाडू हेरणाऱ्यांच्या) हातात कॉलेजची तीन-चार वर्षांची फिल्म येते, मग हायस्कूलच्या स्टारमध्ये नवीन सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

क्वार्टरबॅकचं, म्हणजे बॉल फेकून आक्रमण चालवणाऱ्याचं, तर विचारूच नका. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये क्विन युअर्स, ज्याला रिक्रूटिंगमध्ये अगदी परफेक्ट रेटिंग होतं, तो सातव्या राऊंडमध्ये २३१ वा गेला. आणि पहिला पिक कोण, तर कॅम वॉर्ड, एकही स्टार नसलेला. पण लगेच दुसरा पिक ट्रॅव्हिस हंटर, त्याच्या बॅचमधला देशातल्या अव्वल एक-दोन रिक्रूट्सपैकी. तुमची बाजू आणि माझी बाजू एकाच संध्याकाळी, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने.

वॉर्डला स्टार का नव्हते हे बघा, कारण तुमचा भाचा टेक्सासमध्येच खेळतो. वॉर्डही टेक्सासचाच, आणि त्याच्या हायस्कूलची टीम विंग-टी पद्धतीने खेळायची, म्हणजे सगळा जोर बॉल घेऊन पळण्यावर, पोरगं बॉल फेकणार कधी आणि स्काउट बघणार काय? सॅन अँटोनियोच्या इनकार्नेट वर्ड या छोट्या कॉलेजच्या कोचने त्याला कॅम्पमध्ये फेकताना बघितलं आणि घेतलं. तिथून वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी, अशा मोठ्या युनिव्हर्सिटींत. म्हणजे स्टार नसण्याचा अर्थ बऱ्याचदा ‘बघितला आणि नापास केला’ असा नसतोच, ‘बघितलाच नाही’ असा असतो, आणि या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून भाच्याला माझा लेख वाचायला दिलात तरी चालेल, पण सोबत हेही सांगा की मोठ्या ब्रँडच्या रँकिंग कॅम्पवर घरच्यांचे पैसे घालवण्याआधी छोट्या कॉलेजांच्या उन्हाळी कॅम्पला जा, जिथे ऑफर देणारा कोच स्वतः मैदानावर उभा असतो. सीझनची फिल्म नीट कापून ठेवायची, पहिल्या वीस-तीस सेकंदांत सगळ्यात चांगले प्लेज, आणि कोचेसना स्वतः ईमेल टाकायचे. अ‍ॅलनने ज्युनियर कॉलेजमधून (अमेरिकेत हायस्कूलनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज) असेच ढिगाने ईमेल पाठवले होते, आणि शेवटी त्याला घेतलं ते वायोमिंग युनिव्हर्सिटीने. भाचा कुठल्या पोझिशनला खेळतो ते तुम्ही लिहिलं नाहीत, ते कळवा, त्यावर बरंच अवलंबून आहे.