सायकलवर बंदी? आधी आपल्या गाड्या आवरा

आज सकाळी भाचीच्या शाळेची सूचना आली. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने उद्यापासून सायकल आणण्यास मनाई. ताईने मला ती पुढे पाठवली, पालकांच्या ग्रुपवरच्या प्रतिक्रियांसकट. नुसते अंगठ्यांवर अंगठे. एका गृहस्थांनी तर हात जोडून 'अतिशय योग्य निर्णय' असं लिहिलंय. हे गृहस्थ रोज मुलाला सोडायला येतात ते फाटकासमोर दुसऱ्या रांगेत गाडी उभी करून, आणि निघताना मागे ढुंकूनही न बघता रिव्हर्स घेतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि म्हणे सुरक्षितता!

शाळा सुटताना त्या फाटकासमोर धोका कोणामुळे असतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. हजार-बाराशे किलोचं धूड घेऊन आपण तिथे घुसायचं, आणि बंदी कोणावर? पोरांच्या सायकलवर. कमाल आहे.

माझी भाची बारा वर्षांची आहे आणि तिला रस्त्यावर सायकल चालवायला मी शिकवलं. तोल तिला आधीच येत होता. पॅडल काढून टाकायचे, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्यायची आणि ढकलत ढकलत जायचं, की पोरं झटपट तोल शिकतात, मागून सीट धरून धावायची गरज पडत नाही. पण तोल येणं वेगळं आणि रहदारीत सायकल चालवणं वेगळं. या दोन्हींच्या मधलं सगळं आपण पोरांच्या नशिबावर सोडून देतो.

साधं मागे वळून बघणं घ्या. नवशिक्या पोराला म्हणा 'मागे बघ', की मान वळते, मानेपाठोपाठ खांदा, खांद्यापाठोपाठ हँडल, आणि सायकल गेली रस्त्याच्या मध्यात. नेमकी त्याच बाजूला, जिकडून गाडी येतेय. आम्ही रिकाम्या मैदानात खडूने एक लांब रेघ ओढली होती. ती रेघेवरून पुढे जायची, मी मागून हाताची बोटं दाखवायचे, तिने वळून बघून किती ते ओरडून सांगायचं आणि चाक रेघेवरून ढळू द्यायचं नाही. कोपर सैल, हनुवटी खांद्याला. सुरुवातीला बोटं बरोबर सांगायची तर चाक भलतीकडे, चाक सांभाळायची तर बोटं चुकायची. ते जमल्यावर एका हाताने चालवून दुसऱ्याने वळायची दिशा दाखवणं. मग निवांत गल्ली. मग मोठा रस्ता.

मोठ्या रस्त्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हाचा प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. ती पुढे, मी तिच्या मागे थोडी बाहेरच्या अंगाला. कडेला ओळीने गाड्या उभ्या होत्या, आणि शिकवल्याप्रमाणे ती त्यांच्यापासून दार उघडेल एवढं अंतर ठेवून सरळ चालली होती. मागून हॉर्न. मग एक गाडी शेजारी आली, काच खाली झाली. "ए, कडेने चालव! रस्ता काय तुझा आहे का?" ही म्हणाली, "काका, कोणी दार उघडलं तर?" अगदी शांतपणे. त्या काकांना प्रश्नच कळला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, जरा शिकवा पोरीला," आणि गेले निघून.

शिकवा पोरीला! त्या क्षणी त्या रस्त्यावर शिकलेली तीच एक होती.

'पोरं नियम पाळत नाहीत' असं आता कोणीतरी लिहिणार. नाही पाळत काही जण. राँग साइडने येतात, हात सोडतात, तिघे तिघे गप्पा मारत जातात. मान्य. पण त्यांना कोणी शिकवलंय का? काच खाली करणाऱ्या काकांकडे तर लायसन्स होतं.

आपल्याकडे सुरक्षेचं शिक्षण म्हणजे सभागृहात तासभर भाषण आणि शेवटी 'हेल्मेट घाला'. घालाच हेल्मेट, मी भाचीला त्याशिवाय फाटकाबाहेर जाऊ देत नाही. पण ते साधारण दीड मीटरवरून आपटण्याच्या हिशेबाने तपासलेलं असतं, डोकं वाचावं म्हणून. भरधाव गाडीपुढे त्याचं काय चालणार? आणि ट्रकचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, वळताना आत कापत येतं, हे त्या भाषणात कोणी सांगतं का? सिग्नलला वळणाऱ्या ट्रकच्या आतल्या अंगाला जाऊन उभं राहायचं नाही, भले तिथे कितीही जागा दिसो. हे सांगून कळत नाही. पोराला उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये बसवा आणि त्याच्या मित्राला सायकल घेऊन खाली उभं करा. मित्र दिसेनासा झाला की पुढचं भाषण करावं लागत नाही.

ब्रेकचंही तेच. निम्मी पोरं फक्त मागचा दाबतात, कारण 'पुढचा दाबलास तर उलटशील' असं त्यांना कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं. थांबवायचं बरंचसं काम पुढचाच करतो. दोन्ही हळूहळू आवळायचे, अंग थोडं मागे न्यायचं. आणि पावसात रिमला घासणारे ब्रेक लागायला वेळ घेतात, तेव्हा सुरुवात आधीच करायची. पंधरा मिनिटांचं काम आहे. शाळेत कवायतीला वेळ असतो, याला नसतो.

असो. चिडून टायपतेय, चुका झाल्या असतील तर सांभाळून घ्या.

नेदरलँड्सचं नाव काढलं की लगेच ऐकायला मिळतं, 'त्यांचं वेगळं आहे हो, सपाट देश, जन्मजात सायकलवाले.' सपाट आहे, ठीक. पण बाकीचं आयतं मिळालेलं नाही. महायुद्धानंतर तिथलीही शहरं गाड्यांनी भरली होती आणि १९७१ या एका वर्षात तिथे चारशेहून जास्त मुलं रस्त्यावर मेली. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी अशीच गेली. १९७२ मध्ये त्याने 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा मथळ्याचा लेख लिहिला आणि त्याच नावाने पालकांची चळवळ उभी राहिली. त्या आईबापांनी रस्ते अडवले, सरकारच्या मागे लागले, गाड्यांचा वेग कमी करायला लावला. पोरांच्या सायकली काढून घेतल्या नाहीत. आज तिथे अकरा-बारा वर्षांची मुलं शाळेतूनच रहदारीची परीक्षा देतात, लेखी आणि प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवून. आणि १४ वर्षांखालच्या सायकलस्वाराला गाडीने उडवलं तर भरपाई जवळजवळ नेहमी गाडीवाल्याच्याच माथी. इंग्लंडमध्येही २००७ पासून बाइकॅबिलिटी नावाचं प्रशिक्षण आहे: आधी मोकळं मैदान, मग शांत रस्ते, मग गर्दीचे. मी आणि भाचीने मैदान, गल्ली, रस्ता केलं ते याच क्रमाने. यात काही रॉकेट सोडायचं नाहीये.

आणि 'रस्ते धोक्याचे आहेत' हे मला सांगू नका. ५ ते २९ या वयात जगभरात सगळ्यात जास्त जीव रस्ते अपघातांत जातात, जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगतेय. म्हणूनच तर चिडलेय. ताशी ५० ने येणाऱ्या गाडीच्या धडकेत ३० च्या पावणेतीन पट ऊर्जा असते. पोर कितीही चांगलं शिकलं तरी हे गणित त्याच्या हातात नाही, आपल्या उजव्या पायात आहे. म्हणून नुसतं प्रशिक्षण पुरत नाही हेही खरं. पण म्हणून शिकवायचंच नाही? आज सायकल काढून घेतली की ही पोरं अठराव्या वर्षी थेट गाडीत बसणार आणि काच खाली करून ओरडणार.

तेव्हा, त्या काकांच्या गाडीनंतर, आम्ही पुढे जाऊन एका झाडाखाली थांबलो होतो. तिचे हात थरथरत होते, बोटं अजून ब्रेकवरच. मला वाटलं आता म्हणेल घरी जाऊ. पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, त्यांना हे कोणी शिकवलंच नाही का गं?" तिच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. मग स्वतःच मागे वळून बघितलं, हात दाखवला आणि निघाली. हँडल जरासुद्धा हललं नाही. उद्यापासून या मुलीने गाडीत मागे बसून शाळेत जायचं.

शनिवारी पालकसभा आहे, ताईबरोबर मीही जाणार. सूचना मागे घ्या, शाळा भरताना-सुटताना फाटकासमोरच्या पट्ट्यात गाड्या बंद करा आणि पाचवीपासून पुढच्या मुलांना रस्त्यावर नेऊन शिकवा, हे मागणार. शिकवायला माणसं कुठून आणायची असं विचारतील. मी आहे. चार-पाच मुलांच्या तुकडीला एक मोठं माणूस पुढे आणि एक मागे लागतं, तेव्हा ज्यांना रविवारी सकाळी जमेल त्यांनी मेसेज करा. मुलांना पाठवताना टायरमध्ये हवा भरून पाठवा आणि ब्रेक दाबून चाक खरंच थांबतंय का ते बघा. ढिला ब्रेक घेऊन आलेल्याला मी मैदानाबाहेर सोडणार नाही, मग तो कोणाचाही मुलगा असो.